गर्भपाताची गोळी : निर्णय कोणाचा?

ज्या गोष्टी घरोघर घडतात पण चारचौघांत बोलल्या जात नाहीत, त्यांचा मोकळेपणाने विचार व्हावा हाच व्याख्यानमालांचा एक हेतू असतो. गर्भपात ही अशीच एक गोष्ट आहे. आपल्या देशात २०१५ या एका वर्षात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, असा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मांडला गेला. त्यांपैकी सुमारे १ कोटी १५ लाख, म्हणजे शेकडा ७३, कोणत्याही रुग्णालयाबाहेर केवळ गोळ्या घेऊन झाले. हा आकडा क्षणभर डोळ्यांपुढे ठेवावा. आपल्या कायद्याने कल्पिलेली स्त्री डॉक्टरांपुढे बसून आपली अडचण सांगत असते. प्रत्यक्षातली स्त्री मात्र बहुतेक वेळा घरीच असते, आणि तिचा नवरा किंवा एखादी ओळखीची बाई औषधाच्या दुकानातून पुडके आणून देते. कायदा आणि व्यवहार यांत एवढे अंतर पडते तेव्हा त्या अंतरात काय दडले आहे हे पाहणे सुजाण नागरिकांचे कर्तव्य ठरते.

ही गोळी म्हणजे काय?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. संबंधानंतर बहात्तर तासांच्या आत घ्यावयाची म्हणून जी गोळी जाहिरातींतून सर्वांना ठाऊक झाली आहे, ती ही नव्हे. ती गोळी गर्भ राहूच नये म्हणून घेतात, आणि गर्भ राहिलेला असेल तर तिचा काही उपयोग होत नाही. आपण ज्या औषधाविषयी बोलत आहोत ते राहिलेला गर्भ पाडण्याचे औषध आहे, आणि ते एक नसून दोन औषधांची जोडी आहे.

गर्भाशयात गर्भ टिकून राहण्यासाठी शरीरात प्रोजेस्टेरॉन नावाचा स्राव लागतो. पहिले औषध मिफेप्रिस्टोन हे या स्रावाचे कार्य थांबवते, त्यामुळे गर्भाचा आधार सुटतो. एकदोन दिवसांनी घ्यावयाचे दुसरे औषध मिसोप्रोस्टॉल गर्भाशयाचे आकुंचन घडवून आणते आणि गर्भ बाहेर पडतो. पोटात कळा येतात, रक्तस्राव होतो. आपोआप होणाऱ्या गर्भपातात जे घडते तेच येथे औषधाने घडते. आरंभीच्या आठवड्यांत आणि योग्य प्रकारे घेतल्यास शंभरांतील पंच्याण्णवांहून अधिक स्त्रियांच्या बाबतीत पुढे काही करावे लागत नाही.

तथापि ही गोळी म्हणजे डोकेदुखीची गोळी नव्हे. गर्भ गर्भाशयाऐवजी नलिकेत राहिलेला असेल तर या औषधाने तो पडत नाही, आणि नलिका फुटून जिवावर बेतू शकते. मुळात रक्त कमी असलेल्या बाईला अधिक रक्तस्राव सोसत नाही. गर्भ किती आठवड्यांचा आहे याचा हिशेब चुकला तर गर्भपात अपुरा राहू शकतो. म्हणून भारतीय नियमांत या गोळीची मर्यादा नऊ आठवड्यांची आहे आणि अमेरिकेत दहा आठवड्यांची. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत बारा आठवड्यांपर्यंत स्त्री स्वतः घरी हे औषध घेऊ शकते असे सांगितले आहे. परंतु तिला अचूक माहिती, खात्रीचे औषध आणि गरज पडल्यास वैद्यकीय मदत या तिन्ही गोष्टी मिळत असल्या पाहिजेत. पुढील साऱ्या वादाचे मर्म या अटीत आहे, हे लक्षात असू द्यावे.

औषधाचा जन्म आणि त्याभोवतीचे रण

मिफेप्रिस्टोन हे औषध १९८० साली फ्रान्समधील रूसेल-युक्लाफ या कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले. शास्त्रज्ञ एतिएन-एमिल बोल्यू यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. सप्टेंबर १९८८ मध्ये फ्रेंच सरकारने त्याला परवानगी दिली. लगेच निदर्शने झाली, बहिष्काराच्या धमक्या आल्या आणि ऑक्टोबरमध्ये कंपनीने औषध बाजारातून मागे घेत असल्याचे जाहीर केले. दोन दिवसांत सरकारने हस्तक्षेप करून ते पुन्हा उपलब्ध करण्यास तिला भाग पाडले. आरोग्यमंत्री क्लोद एव्हँ यांनी त्या वेळी सांगितले की हे औषध आता केवळ कंपनीची मालमत्ता राहिलेले नाही, ते स्त्रियांची नैतिक मालमत्ता झाले आहे. औषधाच्या बाबतीत ‘नैतिक मालमत्ता’ हा शब्दप्रयोग एखाद्या मंत्र्याने करावा, यावरूनच हा प्रश्न निव्वळ वैद्यकाचा नव्हता हे दिसून येते.

दुसऱ्या औषधाची कथा याहून निराळी आहे. मिसोप्रोस्टॉल हे मूळचे जठरातील व्रणावरचे औषध. १९८६ पासून ते ब्राझीलमध्ये औषधाच्या दुकानांत विकले जाऊ लागले. त्या देशात गर्भपाताला कायद्याची जवळजवळ बंदी होती. गर्भवतींनी हे औषध घेऊ नये, गर्भपात होईल, अशी सूचना वेष्टनावर होती. ज्या स्त्रियांना गर्भ नको होता त्यांनी त्या सूचनेचा अर्थ बरोबर ओळखला. काड्या, विषारी काढे आणि अडाणी हात यांच्या जागी ही गोळी आली, आणि रुग्णालयांत येणाऱ्या गंभीर गुंतागुंती कमी झाल्याचे तेथील डॉक्टरांना आढळले. १९९१ साली सरकारने विक्रीवर निर्बंध घातले, तेव्हा औषध नाहीसे झाले नाही. ते चोरट्या बाजारात गेले.

जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली ही जोडी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली, पण ‘जेथे कायदा परवानगी देतो आणि जेथे संस्कृतीला मान्य आहे तेथे’ अशा आशयाची पुस्ती तिला जोडली.  

नैतिक पक्ष आणि प्रतिपक्ष

गर्भपाताला विरोध करणारे सारे लोक मागासलेले किंवा स्त्रीद्वेष्टे आहेत असे मानणे हा अन्याय आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : गर्भ धारण झाला तेव्हाच एका मानवी जीवनाचा आरंभ झाला, तो जीव बोलू शकत नाही, मत देऊ शकत नाही, म्हणूनच त्याचे रक्षण समाजाने केले पाहिजे. कॅथलिक धर्मपीठाची भूमिका हीच आहे. आपल्याकडील धर्मशास्त्रांनी भ्रूणहत्येची गणना घोर पातकांत केली, आणि अहिंसेला परम धर्म मानणाऱ्या जैन परंपरेलाही गर्भपात मान्य नाही. या मंडळींना गोळीचा धोका शस्त्रक्रियेपेक्षा मोठा वाटतो. कारण शस्त्रक्रियेच्या वाटेवर डॉक्टर, रुग्णालय, कागदपत्रे असे थांबे असतात आणि तेथे मनुष्य पुन्हा विचार करतो. गोळीने ते थांबे पुसले. जे सोपे झाले ते क्षुल्लक वाटू लागेल, ही त्यांची भीती पोकळ नाही.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे : गर्भाचे मूल्य मान्य केले तरी तो एका जिवंत, विचार करणाऱ्या, सुखदुःख भोगणाऱ्या स्त्रीच्या शरीरात वाढत असतो. तिच्या इच्छेविरुद्ध नऊ महिने तिच्या शरीराचा ताबा घेण्याचा अधिकार कोणालाही, राज्यसंस्थेलादेखील, नाही. शिवाय बंदीने गर्भपात थांबतो असा अनुभव नाही; तो लपून होतो, आणि ज्याच्याजवळ पैसा व ओळख नाही त्याला तो जिवावर उदार होऊन करावा लागतो.

गर्भाला व्यक्तित्व केव्हा येते, या प्रश्नाचे उत्तर शास्त्र देऊ शकत नाही. शास्त्र आठवड्यांचा हिशेब सांगेल, हृदयाची स्पंदने दाखवील, परंतु त्यांना किती मोल द्यावे हे तत्त्वज्ञानाचे आणि श्रद्धेचे क्षेत्र आहे. तेथे प्रामाणिक माणसांत मतभेद राहणारच. मतभेद असताना कायद्याने काय करावे आणि निर्णय कोणाच्या हाती सोपवावा, हा मात्र वेगळा प्रश्न आहे. बहुतेक वादांत या दोन प्रश्नांची गल्लत होते.

अमेरिका आणि आयर्लंड

ही गल्लत कोठवर जाते ते अमेरिकेत पाहावयास मिळते. तेथे मिफेप्रिस्टोनला २००० साली मान्यता मिळाली. २४ जून २०२२ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७३ चा प्रसिद्ध निर्णय रद्द करून गर्भपाताचा प्रश्न घटकराज्यांकडे सोपवला, आणि अनेक राज्यांनी बंदी घातली. परंतु रुग्णालयाला कुलूप लावता येते तसे टपालाच्या पाकिटाला लावता येत नाही. २०२३ साली तेथील शंभरांपैकी सुमारे त्रेसष्ट गर्भपात गोळ्यांनी झाले. मग वादाचा मोर्चा गोळीकडे वळला. टेक्सासमधील एका न्यायाधीशांनी एप्रिल २०२३ मध्ये तेवीस वर्षांपूर्वीची मान्यताच स्थगित करण्याचा आदेश दिला. १३ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो दावा फेटाळला. परंतु कारण एवढेच दिले की फिर्यादी डॉक्टरांचे स्वतःचे काही नुकसान झाले नसल्याने त्यांना दावा लावण्याचा अधिकार नाही. मूळ प्रश्न तसाच राहिला. त्याच वर्षी लुईझियाना राज्याने ही दोन्ही औषधे व्यसन लावणाऱ्या घातक द्रव्यांच्या पंक्तीत नेऊन बसवली. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवण्यासाठी हेच मिसोप्रोस्टॉल वापरतात. ते हाताशी ठेवावे की कुलपात, हा प्रश्न तेथील प्रसूतिगृहांपुढे उभा राहिला.

आयर्लंडने दुसरा मार्ग धरला. २०१२ साली मूळची बेळगावकडची एक तरुण दंतवैद्य तेथील रुग्णालयात मरण पावली. गर्भ वाचणार नाही हे ठाऊक असतानाही, त्याचे ठोके चालू आहेत म्हणून तिला गर्भपात नाकारण्यात आला होता. त्या मृत्यूने तो देश हादरला. शिवाय शेकडो स्त्रिया परदेशांतून गोळ्या मागवून घरात लपून घेत आहेत, हेही उघड झाले होते. २५ मे २०१८ रोजी कॅथलिक परंपरेच्या त्या देशात सुमारे ६६ टक्के मतदारांनी घटनेतील बंदी काढण्याच्या बाजूने कौल दिला. २०१९ पासून आरंभीच्या आठवड्यांत नेहमीचा घरगुती डॉक्टरच ही गोळी देऊ लागला.

आपल्या कायद्याची वाट

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते कशासाठी? विधवेला दिवस गेले तर गर्भ पाडणे, मूल मारणे किंवा स्वतः विहीर जवळ करणे, एवढ्याच वाटा समाजाने तिच्यासाठी मोकळ्या ठेवल्या होत्या. सुरतेच्या एका तरुण विधवेला अशाच बालहत्येबद्दल १८८१ साली शिक्षा झाली आणि तिची जी निंदानालस्ती झाली, तिने संतप्त होऊन ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. दोष दोघांचा आणि दंड एकटीला, हा त्यांचा सवाल होता. आजच्या वादातही तो पुरता निकालात निघालेला नाही.

१८६० च्या दंडसंहितेने गर्भपात हा गुन्हा ठरवला, आणि तो स्वतः करून घेणाऱ्या स्त्रीलाही गुन्हेगार मानले. स्वातंत्र्यानंतर १९६४ साली शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९६६ साली आला आणि १९७१ साली वैद्यकीय गर्भसमापनाचा कायदा झाला. तो त्या काळी जगातील उदार कायद्यांपैकी एक होता. विवाहित स्त्रीच्या बाबतीत संततिनियमनाचे साधन निकामी ठरले तर तेही गर्भपाताचे कारण मानावे, इतके औदार्य त्यात होते. पण त्याची रचना नीट पाहिली पाहिजे. त्याने स्त्रीला हक्क दिला नाही. डॉक्टरला संरक्षण दिले. ठरावीक कारण आहे असे डॉक्टरचे प्रामाणिक मत झाले तर तो गुन्हा नव्हे, एवढेच त्याने म्हटले. मूळ गुन्हा जागेवरच राहिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो आहे.

२०२१ च्या दुरुस्तीने ‘विवाहित स्त्री व तिचा पती’ या शब्दांच्या जागी ‘स्त्री व तिचा जोडीदार’ असे शब्द घातले आणि काही प्रकारच्या स्त्रियांसाठी मुदत वीसवरून चोवीस आठवड्यांवर नेली. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विवाहित आणि अविवाहित असा भेद करता येणार नाही असे सांगितले. मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये सव्वीस आठवड्यांची गर्भवती असलेल्या एका विवाहितेला त्याच न्यायालयाने परवानगी नाकारली. म्हणजे आपल्याकडे स्त्रीच्या इच्छेला वजन आहे, पण अखेरची सही डॉक्टरची किंवा न्यायाधीशाची आहे.

शस्त्रक्रियेच्या काळात ही रचना खटकत नव्हती, कारण डॉक्टरच्या हाताशिवाय ते कामच होत नसे. २००२ साली मिफेप्रिस्टोनला भारतात मान्यता मिळाली आणि हे चित्र पालटले. काम औषधाने होऊ लागले. ज्या हाताची जरुरी म्हणून निर्णयही त्याच हाताकडे होता, त्या हाताची जरुरी कमी झाली. तेव्हा निर्णय मुळात कोणाचा, हा इतके दिवस झाकलेला प्रश्न उघडा पडला.

औषधाच्या दुकानासमोर

महाराष्ट्रात या वादाला आणखी एक पदर आहे, आणि तो दुःखद आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा आपल्या राज्याने १९८८ साली केला. तरीही सहा वर्षांखालील मुलांत दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ साली ९१३ होती, ती २०११ साली ८९४ झाली. २०१२ साली बीड जिल्ह्यातील भयंकर प्रकार उघडकीस आला आणि समाज खडबडून जागा झाला. त्यानंतर औषध प्रशासनाने गर्भपाताच्या गोळ्यांच्या विक्रीवर करडी नजर ठेवली. नोंदी, तपासण्या आणि खटल्यांचे भय यांमुळे अनेक औषधविक्रेत्यांनी कायद्याने मान्य असलेली ही गोळी ठेवणेच सोडून दिले.

हेतू चांगला होता; पण उपाय रोगाच्या जागी बसला का? ही गोळी नऊ आठवड्यांपर्यंत द्यावयाची आहे. सोनोग्राफीत गर्भाचे लिंग खात्रीने दिसू लागते ते साधारण बाराव्या-तेराव्या आठवड्यानंतर. रक्ताच्या नव्या तपासण्यांनी ते याहून आधी कळू शकते हे खरे. परंतु लिंग सांगण्याची बंदी त्यांनाही लागू आहे. मुलगी म्हणून गर्भ पाडला जातो त्याचे मूळ लिंग सांगणाऱ्या तपासणीत आहे, आणि त्याहून खोल मुलगी नको म्हणणाऱ्या घरात आहे. मुदत उलटल्यावर गोळीचा गैरवापर होतो, तो रोखलाच पाहिजे. पण त्यासाठी आठव्या आठवड्यात आलेल्या शेतमजूर बाईला दुकानातून परत पाठवणे म्हणजे दरोडेखोर हाती लागत नाही म्हणून वाटसरूला अडवणे होय.

शब्दांनीही येथे घोळ घातला. ‘स्त्रीभ्रूणहत्या थांबवा’ ही घोषणा भिंतीभिंतींवर रंगवली गेली, आणि तिच्यातील ‘हत्या’ हा शब्द हळूहळू साऱ्याच गर्भपातांना चिकटला. गर्भपात कायदेशीर आहे हे पुष्कळ सुशिक्षितांनाही आज ठाऊक नसते. कायदा सज्ञान स्त्रीच्या एकटीच्या संमतीवर समाधान मानतो, पण अनेक ठिकाणी नवऱ्याची सही मागितली जाते. मग बाई डॉक्टरकडे जाणे टाळते आणि कोणीतरी दिलेले, अर्धवट माहितीचे पुडके घेऊन स्वयंपाकघरात एकटीच कळा सोसते. रक्तस्राव थांबला नाही तरी भीतीपोटी ती दवाखान्यात जात नाही. गोळीने होणाऱ्या अपायांपैकी पुष्कळसे अपाय गोळीचे नसून या लपवाछपवीचे आहेत.

मग काय करावे?

गोळी किराणा मालासारखी मोकळी विकावी, असे माझे म्हणणे नाही. गोळी स्त्रीच्या हातात आली म्हणजे निर्णयही तिच्या हातात आला असे होत नाही. सासरच्यांनी किंवा नवऱ्याने ती तिच्यावर लादण्याचीही भीती असते. म्हणून तिच्याशी एकांतात बोलणारे, तारखांचा हिशेब करणारे, रक्त तपासणारे आणि धोक्याची लक्षणे समजावून सांगणारे माणूस हवेच. ते माणूस दर वेळी स्त्रीरोगतज्ज्ञच असले पाहिजे का, हा प्रश्न आहे. शिकलेल्या परिचारिकांनी हे काम करावे, आणि बारा आठवड्यांपर्यंत स्त्रीची मागणी हेच पुरेसे कारण मानावे, अशा तरतुदी २०१४ साली सरकारनेच तयार केलेल्या मसुद्यात होत्या. डॉक्टरांच्या संघटनांनी परिचारिकांविषयीच्या कलमाला विरोध केला, आणि २०२१ च्या दुरुस्तीत यांपैकी काहीच आले नाही. जेथे आठवड्यातून एकदा डॉक्टर येतो अशा गावांचा विचार करता हा मसुदा पुन्हा बाहेर काढण्यासारखा आहे. त्यालाच जोडून गोळी विकणाऱ्या दुकानदाराचे भय दूर व्हावे, गर्भपात कायदेशीर असल्याची माहिती आरोग्य केंद्राच्या भिंतीवर मराठीत लिहिलेली असावी, आणि लिंगनिदानावरील कारवाई लिंग सांगणाऱ्यांवरच नेमकी व्हावी.

ज्यांना गर्भपात हे पाप वाटते त्यांनाही यात करण्यासारखे पुष्कळ आहे. त्यांनी संततिनियमनाच्या प्रसाराला हातभार लावावा. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले तेव्हा समाजाने त्यांची कुचेष्टा केली. पण नको असलेला गर्भ राहूच न देणे हा गर्भपात कमी करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. अविवाहित मातेला आणि तिच्या मुलाला मानाने जगता येईल असा समाज घडवणे हाही त्यांच्याच तत्त्वाचा भाग आहे. हे न करता केवळ गोळीला बंदी मागणे म्हणजे तत्त्वाचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर टाकणे होय.

गर्भ राहिल्याचे कळल्यावर पहिल्या नऊ आठवड्यांत स्त्रीच्या मनात काय चालते हे कायद्याला कळत नाही, औषध प्रशासनाला कळत नाही, आणि पुष्कळदा नवऱ्यालाही कळत नाही. मूल वाढवायचे कोणी, त्यासाठी नोकरी कोणी सोडायची, प्रकृती कोणाची खालावणार, याचा हिशेब तिनेच केलेला असतो. निर्णयाचे परिणाम जिला भोगावयाचे आहेत तिच्यावर निर्णयापुरता विश्वास टाकावा आणि तिला एकटी सोडू नये, या दोन गोष्टी समाजाला एकदमच करावयाच्या आहेत. पहिलीची मागणी गोळीच्या बाजूचे लोक करतात, दुसरीची काळजी विरोधकांना असल्याचे ते सांगतात. दोघांनी आपापला शब्द पाळला, तर हा वाद पुष्कळसा निवळेल.